बाबा म्हणणारा आवाज

“मामाजी, पिन टाकू नका!” कणकेने भरलेल्या हातांनी पौर्णिमा स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने सासऱ्यांच्या मोबाईलवर तळहात ठेवला.

सूर्यभानजींचे डोळे वाहत होते. “सोड! कुलदीपच्या गाडीखाली मानूस आला. ऐंशी हजार नाही टाकले तं आतमंदी टाकतो म्हणते पोलीस सायेब...”

तेवढ्यात फोनमधून हुंदका आला. धाकट्या दिराचा, कुलदीपचाच तो आवाज, अगदी हुबेहूब! “बाबा, वाचवा मले... कोणाले सांगू नका...”

पौर्णिमा थिजली. बाबा? सूर्यभानजींना त्यांचे धाकटे भाऊ ‘भाऊ’ म्हणत, म्हणून पोटची पोरंही बापाला भाऊच म्हणायला शिकली होती. बाबा ही हाक या घरात कधी उमटलीच नव्हती!

“मामाजी, आपले भाऊजी तुमाले बाबा कवा म्हणते?”

“आज म्हणला ना! जन्मात पयल्यांदा म्हणला...” म्हातारा कळवळला. “अन् तू आडवी येतं? तुह्याच टोमण्यानं तो दोन वर्सापयले घर सोडून गेला. आता मरू देतं त्याले?”

हा आळ तिने दोन वर्षे निमूट सोसला होता. कुलदीप गेला तो बापाच्या कठोर शब्दांनी. पण ते सांगितले तर या म्हाताऱ्या काळजाचे काय होईल, म्हणून ती गप्प राहिली होती. जाताना त्याने तिला शपथ घातली होती, ‘माझा नवा नंबर घरात कोणाला द्यायचा नाही.’ आज मात्र ती शपथ मोडायलाच हवी होती!

तिने तो फोन कापला आणि आपल्या मोबाईलवरून, स्पीकर चालू करून, अकोल्याला कुलदीपला लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला...

“बोला वहिनी. दुकानात गिऱ्हाईक हाय.”

“भाऊजी, बरे हा ना तुमी?”

“बराच हाय. काहून?”

सूर्यभानजी तिच्या मोबाईलकडे झुकले. “कुलदीप...?”

पलीकडून दबका आवाज, “भाऊ? ...वहिनीनं नंबर देल्ला म्हणून तिच्यावर रागवू नका. तिचा काहीच दोष नव्हता. ‘मले तोंड दाखवू नको’ हे तुमीच म्हणलं होतं.”

“म्हणलं होतं...” म्हातारा खाली बसला. त्यांनी सुनेपुढे हात जोडले. तिने ते भरल्या डोळ्यांनी खाली केले.

“ते राहू द्या. आधी सायबर पोलिसायच्या एकोणीसशे तीस नंबरवर तक्रार करू. मशीनवर आवाजाची नक्कल करनारा तो भामटा आता दुसऱ्या कोनाच्या बापाले फोन करीन.”

“लोक हासतीन मले.”

“हासू द्या.”

सूर्यभानजींनी हात पुढे केला. “लाव. मीच बोलतो.”

फोन लागला. त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, सारे सांगितले. शेवटी म्हणाले, “पैसे वाचले, सायेब. माह्या सुनेनं अडवलं मले. तिचं नाव लिहा... पौर्णिमा. दोन वर्सं मी तिलेच दोषी धरून होतो.”