मोतिताचा खोकला

फेर्मिन त्या दिवशी चीज आणायला गेला होता, दुसरं काही नाही. मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या वस्तीवरून चीजचे गोळे भरायचे आणि रातोरात पार्रालला पोचवायचे, हा त्याचा आणि माझा धंदा. पुढे त्याची गाडी, मागे माझी. गेल्या वर्षीची सत्तावीस ऑक्टोबरची रात्र. मेलेली कुत्रीमांजरं त्या रात्री घरी परततात म्हणून आपण पाणी ठेवतो ना, तीच.

"एलिसेओकाका, फेर्मिन म्हणजे चर्चमध्येसुद्धा हॅट न काढणारा?"

"तोच. का काढत नाही, तेच सांगतोय. मध्ये तोंड घालू नकोस, शेकोटीत लाकूड घाल."

तर त्याची पोर, यारेत्सी. तिला लहानपणी दमा होता. रात्र रात्र उशीला टेकून बसायची बिचारी. शेवटी फेर्मिनच्या सासूने, दोन्या एदुविखेसने, आपली चिवावा कुत्री आणून दिली. मोतिता तिचं नाव. ओंजळीत मावेल एवढी. पोरीच्या छातीशी निजवा म्हणाली, कुत्री दमा ओढून घेते. तुमच्याही घरात कोणीतरी केलंच असेल हे. वर्षभरात पोर धावायला लागली. चिवावाच्या टाळूचं हाड पुरतं भरत नाही, मऊ जागा राहते, ठाऊक आहे ना? झोपताना पोर तिथे बोट ठेवायची. बोटाखाली ठोका लागायचा. दुसऱ्या कुणी हात लावला की लगेच म्हणायची, "हळू. दाबायचं नाही."

म्हातारपणी मोतिता खोकायला लागली. दात पडलेले, जीभ एका बाजूने बाहेर, आणि रात्रभर बदक ओरडल्यासारखा खोकला. फेर्मिनने तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "वय झालं की या जातीची श्वासनळी ढिली पडते. गळ्याला पट्टा बांधू नका, वजन वाढू देऊ नका, या गोळ्या द्या. चौदाची आहे ना? अजून दोन-तीन वर्षं सहज काढेल."

फेर्मिनचं तोंडच उतरलं. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. सासूला म्हणाला, "पोरीचा दमा आहे तो. उद्या परत पोरीकडे गेला म्हणजे?"

"तिने घेतलाय, ती सांभाळतेय," म्हातारी म्हणाली. "तुम्ही फक्त तिला सांभाळा."

पण ऐकेल तो फेर्मिन कसला. कुत्रीबरोबर दमाही कायमचा घराबाहेर जाईल असं त्याने ठरवून टाकलं. जानेवारीत, बर्फ पडलेलं असताना, सातेवोच्या पुढच्या पुलाशी तिला सोडून आला. भर उन्हाळ्यात सावलीत हुडहुडी भरते अशी जात ती! घरी सांगितलं, ओखिनागाला बहिणीकडे दिली. मला अजून आठवलं की हात शिवशिवतात.

आणि त्या सत्तावीस तारखेला तो निघत असताना पोरीने मेणबत्तीशेजारी मोतिताची वाटी भरून ठेवली. फेर्मिन हसला. "अगं, ती जिवंत आहे. जिवंत कुत्र्याला कोण असं पाणी ठेवतं?"

"तिला थंडी वाजतेय, बाबा," एवढंच ती बोलली.

चीज भरून परतताना रात्री दीडचा सुमार. मी चहा प्यायला थांबलो म्हणून बराच मागे पडलो. पुलाच्या अलीकडे फेर्मिनला खोकला ऐकू आला. सीटखालून.

त्याने रेडिओ बंद केला. पुन्हा खोकला. आता पाठीमागून.

पुलावर गाडी थांबवली. उतरून मागे बॅटरी मारली. चीज. नुसतं चीज.

परत येऊन बसला. दार लावणार... तर मांडीवर काहीतरी चढलं. हलकं. गार. ओलं.

मांडीवरून पोटावर आलं. पोटावरून छातीवर. तिथे बसलं... थरथरत.

त्याने ओरडायला तोंड उघडलं. हवा आत जाईना.

कानाशी खोकला. एकदाच.

मग...

मी पोचलो तेव्हा गाडीचे दिवे चालू होते, दार उघडं होतं आणि फेर्मिन स्टिअरिंगवर वाकून खोकत होता. हुबेहूब बदकासारखा. पुलाचं, बर्फाचं, सगळं त्याने मला तिथेच सांगितलं, एकेका शब्दाला धापा टाकत. मग माझी कॉलर धरून म्हणाला, "पोर... आधी पोर बघू."

त्याला माझ्या गाडीत घातलं आणि सुसाट घरी आणलं. यारेत्सी गाढ झोपली होती. श्वास अगदी संथ. फेर्मिन पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला. "नाही गेला तिच्याकडे. नाही गेला."

"नाही गेला," मी म्हटलं. "तुझ्याकडे आलाय." मला त्याची दया आली नाही, खरं सांगतो.

त्याच्या खोकल्याने पोर जागी झाली. ती घाबरली नाही. उठून बसली, बापाची हॅट काढली आणि त्याच्या केसांतून बोटं फिरवायला लागली. टाळूवर आल्यावर थांबली. बराच वेळ. मग माझा हात धरला आणि तिथे नेऊन ठेवला.

पोरांनो, चाळिशी उलटलेल्या माणसाचं डोकं ते. तिथे हाड नव्हतं. मऊ होतं... आणि आत ठोका पडत होता.

"हळू, काका," पोर म्हणाली. "दाबायचं नाही."