कोचकोरचे हरवलेले रंग

दारातच बांधून ठेवलेली बॅग दिसली आणि मदतनीस एसेनबेकला वाटलं, चोर पळायच्या बेतात आहे. त्याची मालकीण, गुप्तहेर उमसुनाई, बॅगेकडे नजर टाकून बूट काढू लागली.

बॅग सुनेची होती. घरमालकीण बुरुलकानबाई ह्या कोचकोर गावात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गालिचे करायच्या. आईच्या हातच्या रंगांच्या छटा त्यांनी कॉम्प्युटरवरच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये एकेक जुळवून ठेवल्या होत्या. परवा कॉम्प्युटरवर लिनक्स नव्यानं बसवलं आणि छटा गायब. त्याआधी मशीनवर शेवटची बसली होती सून चिनारा, आणि तिची बहीण दुसऱ्या गालिचेवाल्यांकडे कामाला. बाईंच्या लेखी निकाल लागलेला होता.

“आज माहेरी जाईल ती कायमची,” बाई म्हणाल्या. “आईची आठवण विकली हिनं.”

चिनारानं चहा ओतला. त्या दिवशी काय करत होतीस, असं विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “एक नवा रंग जुळवत होते. आपांना दाखवायचा होता.” सासूला ती आपा म्हणायची.

“हिला कुठली रंगांची नजर!” सासूबाई पुटपुटल्या.

मग लिनक्स बसवणाऱ्या दुरुस्तीवाल्या तालायला बोलावलं. तो आधीच फुरंगटलेला. “तुमचं अख्खं होम फोल्डर बॅकअपमध्ये घेतलं होतं मावशी, लपलेल्या फोल्डरांसकट. होतं तसं परत ठेवलं. प्रोग्राम तेवढा नव्यानं टाकला. रंग आधीच पुसलेले असतील, तर मी काय करू?”

एसेनबेकनं बॅग तपासायची परवानगी मागितली. उमसुनाईनं त्याला खाली बसवलं आणि बाईंना विचारलं, आणखी काय बदललंय?

बाईंनी पाढाच वाचला. प्रोग्रामची भाषा किर्गिझ जाऊन रशियन आली, डावीकडची अवजारं उजवीकडे गेली. “एक मात्र बरं झालं. पूर्वी ह्या प्रोग्रामला पेनड्राइव्हवरचा फोटो दिसायचाच नाही, आधी चित्रांच्या फोल्डरात आणावा लागायचा. आता थेट उघडतो.”

उमसुनाईनं पेला खाली ठेवला. “मग चोरी झालेलीच नाही.”

एसेनबेकनं आ वासला.

“चोर रंग नेईल. तुमची भाषा आणि अवजारांची जागा नेऊन काय करेल? सगळीच सेटिंग्ज दिसेनाशी झालीत. आता पेनड्राइव्ह बघा. जुन्या प्रोग्रामला तो दिसत नव्हता, कारण तो सँडबॉक्समधला होता, स्वतःच्या खोलीत कोंडलेला. त्याची सेटिंग्जही त्याच खोलीत. तालायनं खोली जशीच्या तशी परत आणली, पण टाकला साधा, मोकळा प्रोग्राम. तो सेटिंग्ज दुसरीकडे ठेवतो, त्या खोलीत डोकावतही नाही.”

तालायचे कान लाल झाले. त्यानं सँडबॉक्समधला प्रोग्राम बसवला आणि उघडला. किर्गिझ अक्षरं आली, अवजारं डावीकडे आली, आणि खाली आईचे सगळे रंग ओळीनं उभे राहिले.

शेवटी एक रंग जास्तीचा होता, सुकलेल्या जर्दाळूचा. त्याखाली नाव होतं, ‘आपा’.

बुरुलकानबाईंनी डोक्यावरचा जुना रुमाल सोडून पडद्याशी धरला. रंग हुबेहूब जुळला. त्यांना इतकी लाज वाटली की त्या सुनेकडे बघू शकल्या नाहीत.

“चुकलं माझं, पोरी. हा रंग लोकरीवर कसा उतरवायचा, ते आपण दोघी बघू.”

“आधी बॅग आत ठेवा, आपा,” चिनारा म्हणाली.

एसेनबेक मदतीला उठला. उमसुनाईनं त्याची बाही धरली, आणि बुरुलकानबाईंनी बॅग स्वतः उचलून आत नेली.