सेल खिशात, तरी खरखर

“अजून एक ट्रान्झिस्टर जोड! दिवा दुप्पट पेटेल!” भोंग्यानं फर्मान सोडलं.

“की दुप्पट जळेल?” शंकानं विचारलं.

भोंगा हा चिमटीचा मावसभाऊ. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. शंका खालच्या मजल्यावरची; तिचं वाक्य प्रश्नाशिवाय संपतच नसे. आणि हातात कायम बारीक चिमटा, म्हणून ती चिमटी. सुट्टी लागल्यापासून तिघांनी आजोबांच्या खोलीतलं टेबल बळकावलं होतं.

आजोबा अंथरुणाला खिळलेले. वीज गेली की अंधारात त्यांचा जीव घाबरा होई, पण ते कधी बोलून दाखवत नसत. चिमटीला मात्र ते कळायचं. म्हणून हा दिवा. त्यांच्या रेडिओतून काढलेल्या एका थकल्या सेलवर एलईडी पेटत नाही. पण ट्रान्झिस्टर आणि छोट्या चुंबकी कड्यावर गुंडाळलेली तांब्याची तार यांचा ऑसिलेटर केला, की तो सेलची वीज भराभर तोडतो आणि जोडतो. प्रत्येक तोडण्याबरोबर तारेतून जोराचा धक्का निघतो आणि दिवा लागतो. लागला होताही, पण मिणमिणता. चिमटीला वाचता येईल एवढा उजेड हवा होता.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरनं फारसा फरक पडला नाही. मग तिनं कड्यावरची बारीक तार काढून जाड गुंडाळली, रेझिस्टर बदलून कमी रोधाचा लावला आणि सेल बसवला. लख्ख!

तेवढ्यात उशाजवळचा रेडिओ ‘कुईंऽऽ’ करून ओरडला. सेल काढला, शिट्टी बंद. बसवला, पुन्हा सुरू.

“तुमचा दिवा गातोय गं,” आजोबा हसून म्हणाले.

पण दुसऱ्या सकाळी इमारतीतले सगळेच रेडिओ खरखरू लागले. रखवालदारकाका तणतणत वर आले. “बातम्या ऐकू येत नाहीत कुणाला! या पोरांचे विजेचे खेळ! आज रेडिओ बिघडवला, उद्या आग लावतील!”

चिमटीच्या बाबांना शरमल्यासारखं झालं. त्यांनी सगळं सामान खोक्यात भरलं आणि खोकं काकांच्याच हाती दिलं. “सुट्टी संपेपर्यंत तुमच्याकडेच ठेवा.”

चिमटीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. जास्त उजेडाची हाव धरली आणि होता तो दिवाही घालवला, असं तिला वाटलं.

दुपारी आजोबांनी रेडिओ लावला. खर्रर्रऽ!

“खोकं तर खाली आहे ना? मग हे काय?” शंका म्हणाली.

चिमटीनं रेडिओला कान लावला. “ही आपली शिट्टी नाही. आपला ऑसिलेटर वीज तोडतो-जोडतो, म्हणून रेडिओ ओरडतो. मग आणखी कुठेतरी वीज तुटतेय, जुळतेय.”

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. “म्हणजे ठिणग्या. रेडिओ घेऊन जा. कुठं जास्त खरखरतो ते ऐका. पण कशालाही हात लावायचा नाही. सेलशी खेळता येतं, भिंतीतल्या विजेशी नाही.”

तिघं पायरी पायरी उतरले. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीपाशी रेडिओ नुसता फुटाणे फोडत होता. दाराला कुलूप. खोली आजोबांच्या पलंगाच्या बरोबर खाली! आग लागली तर सगळे धावत बाहेर पडतील, आणि आजोबा? चिमटी रखवालदारकाकांकडे धावली.

“काका, दार उघडा! आत ठिणग्या पडताहेत!”

“चला, पळा! तुमच्याच त्या डबड्याचे प्रताप!”

“मग त्यातला सेल काढा,” चिमटी जागची न हलता म्हणाली. “तुमच्याच खिशात ठेवा.”

काकांनी खुर्चीखालचं खोकं उघडलं, सेल काढून खिशात टाकला. “घ्या! आता वाजवून दाखवा!”

“सगळे बाहेर या! काका जादू दाखवताहेत!” भोंगा असा गरजला, की दारंच दारं उघडली. बाबाही धावत आले.

चिमटीनं रेडिओ लावला. खर्रर्रऽ!

काकांचा चेहरा उतरला. शंकानं नाक वर केलं. “जळका वास येतोय का?”

काकांनी घाईघाईनं कुलूप काढलं. आत त्यांनीच कोंबलेले पुठ्ठे आणि फाटक्या गाद्या. त्यांच्यामागे तारेचा एक जोड तडतडत होता, आणि शेजारच्या पुठ्ठ्याची कड काळी पडली होती.

“मागे व्हा!” बाबांनी फाटकाजवळचा मुख्य खटका पाडला.

वायरमन आला. जोड पाहून म्हणाला, “आजची रात्र निघाली नसती. उद्यापर्यंत वीज नाही.”

संध्याकाळी अंधार दाटला. बाबा आजोबांच्या पायाशी बसले. “आम्ही सगळे पळालो असतो, आणि तुम्ही...” त्यांनी चिमटीला जवळ ओढलं. “मी न ऐकताच शिक्षा दिली, बाळा. चुकलो मी.”

दारात रखवालदारकाका उभे होते, हातात खोकं घेऊन. “पोरांनो, आज तुम्ही होतात म्हणून इमारत उभी आहे,” ते खालमानेनं म्हणाले. मग त्यांनी खिसा चाचपला. “आणि हा... सेल माझ्याकडेच राहिला होता.”

चिमटीनं तो बसवला. खोली उजळली. आजोबांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसू लागली. उशाजवळचा रेडिओ लगेच ‘कुईंऽऽ’ करू लागला, तशी ती तो बंद करायला वाकली.

आजोबांनी तिचा हात धरला. “राहू दे गं. ही शिट्टी आपल्या घरातली आहे.”