एका अक्षराचा फरक

तो माझ्या वर्गात पहिल्यांदा आला डस्टर मागायला, आणि गेला माझी अब्रू घेऊन.

अकरावीचा इतिहासाचा तास होता. सोव्हिएत काळातलं खेडं, चर्चचं धान्याचं कोठार कसं झालं, वगैरे. मग मी दर वर्षीचं पत्र वाचलं. एका ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं. ‘संध्याकाळी कोठारापाशी वाट पाहिली. आत अजून मेणबत्त्यांचा वास येतो...’

“तर हा तरुण गडी,” मी रंगात येऊन म्हणाले, “देव सोडून बसलाय, पण तो वास काही त्याला सोडत नाही—”

“माफ करा... गडी नाही. बाई आहे ती.”

दारात रशियन शिकवणारा नवा मास्तर उभा होता. मुलांनी त्याचं नाव ‘कॉम्रेड’ ठेवलं होतं. त्याने भिंतीवर लावलेल्या मूळ पत्राच्या प्रतीकडे बोट केलं.

“इथे ‘ज्दला’ लिहिलंय. पुरुष असता तर ‘ज्दाल’. आपण ‘वाट पाहिली’ म्हणतो, त्यात पाहणारं कोण ते कळत नाही. तिकडे भूतकाळात क्रियापद चुगली करतं.”

म्हणजे तीन वर्षं मी एका बाईला मिशा लावून फिरवत होते! मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग दिवसभर ट्रॅक्टर चालवून आल्यावर घरचा स्वयंपाक कोण करायचं?”

“तीच!” आम्ही दोघं एकदम म्हणालो. वर्गाने “ओऽऽ” केलं. मला डस्टर सापडेना.

त्यानंतर मोकळ्या तासाला तो माझ्या टेबलापाशी यायचा. मला शंका असायच्या. संपल्या की मी नव्या तयार करायची.

“लाल कोपरा म्हणजे काय हो, सर?”

“घरात शिरताच दिसेल असा कोपरा. तिथे देवाच्या तसबिरी ठेवायचे. पुढे कारखान्यांतून नेत्यांच्या फोटोंची खोली असायची, तिचंही नाव लोकांनी तेच ठेवलं.”

“पण लालच का?”

“जुन्या भाषेत लाल आणि सुंदर... एकच शब्द.” त्याची नजर माझ्या स्वेटरवर गेली. स्वेटर लाल होता. मी घाईने खिडकी उघडायला उठले. ती उघडीच होती.

“हल्ली रोज हाच स्वेटर?” घरी आईने विचारलं.

“दुसरा धुवायला टाकलाय.”

“महिनाभर?” आई म्हणाली. आयांना जास्त विचारावं लागत नाही.

मग मुलं कमी म्हणून रशियनचा वर्ग बंद झाल्याची सूचना लागली. त्याला दूरच्या शहरात नोकरी मिळाली. आठवडा उरला होता. ‘तुम्ही मला आवडता’ एवढंच सांगायचं होतं. रोज ठरवून जायची आणि रोज सामूहिक शेतीबद्दल विचारून परत यायची. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या वर्गात गेले. वर्ग रिकामा. फळा स्वच्छ पुसलेला. फक्त दारातून दिसेल अशा वरच्या कोपऱ्यात, लाल खडूने, रशियन अक्षरांत एकच शब्द होता. ज्दाल.

वाट पाहत होतो.

माझे डोळे भरून आले. मी खडू उचलला आणि त्या शब्दाच्या शेवटी एक रशियन ‘आ’ काढला. ज्दला. अक्षर वाकडं आलं.

“बरोबर आहे,” मागून आवाज आला. तो किल्ल्या ऑफिसात देऊन मफलर न्यायला परतला होता. “फक्त... भूतकाळ आहे.”

“मग वर्तमानकाळात काय म्हणायचं?”

“ज्दू.”

“आणि बाईने म्हणायचं असेल तर?”

“तेच. वर्तमानकाळात दोघांचं एकच रूप.”

“मग ऐकून जा,” मी म्हणाले. “तुम्ही मला आवडता. सामूहिक शेती मला पहिल्याच दिवशी कळली होती.”

तो हसला. गडबडीत मफलर उलटाच गुंडाळला. पण चारची गाडी काही थांबणार नव्हती.

आता सुट्टीची वाट पाहतेय. अजून एकतीस दिवस. सकाळी फोनवर एकच शब्द येतो—ज्दू. कधी आधी तो पाठवतो, कधी मी. नुसत्या शब्दावरून कोणाचा, ते ओळखता येत नाही.