भोपळ्या शिंकला कसा?

"थांब! मागे घे, मागे घे!" जागृती एवढ्या जोरात ओरडली की दिपेशच्या हातातला रिमोट आणि मांडीवरची चिवड्याची वाटी दोन्ही खाली पडली.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ होती. डोंबिवलीच्या 'श्रमसाफल्य' सोसायटीत दिपेशच्या घरी तिघं कार्टून बघत बसले होते. सातवीतली जागृती, तिचा पहिलीतला भाऊ नयन आणि घरचा मालक दिपेश. 'पिपाणी आणि भोपळ्या' लागलं होतं. पिपाणी ही भसाड्या आवाजाची, नको त्या उचापती करणारी मुलगी आणि भोपळ्या हा तिचा नारिंगी, गोलमटोल कुत्रा. लाडू पिपाणीने पळवायचे आणि ओरडा भोपळ्याने खायचा, असा सगळा मामला!

दिपेशने भाग मागे घेतला. पडद्यावर भोपळ्या भुंकला, "भू! भू! आक्छी!"

"फुटाणा!" नयन ताडकन उठून टीव्हीला जाऊन चिकटला.

फुटाणा म्हणजे सोसायटीचा कुत्रा. म्हणायला सगळ्यांचा, पण खरा नयनचा. दोनदा भुंकून एकदा शिंकायचं, ही त्याची पिल्लू असल्यापासूनची खोड. नयन खोटं खोटं शिंकला तरी तो असेल तिथून धावत येऊन तसंच उत्तर द्यायचा. नवरात्रात तो एकाएकी नाहीसा झाला. "भटका कुत्रा तो, गेला असेल भटकत," असं म्हणून मोठी माणसं मोकळी झाली. नयन मात्र अजून रोज जिन्याखाली त्याची दुधाची वाटी भरून ठेवायचा, आणि सकाळी मांजराने चाटून ठेवलेली ती वाटी बघून हिरमुसायचा. जागृतीला ते अगदी बघवत नसे.

"काय पण! कार्टूनमध्ये फुटाणा कसा जाईल?" दिपेश म्हणाला.

"फुटाणा नाही रे, त्याचा आवाज! जुन्या भागांत भोपळ्याचा आवाज कुणीतरी माणूस काढायचा. सर्दी झाल्यासारखा 'भॉव भॉव' करायचा, आठवतं? तो कधी शिंकला होता?"

दिपेशने डोकं खाजवलं. खरंच की! भोपळ्या या नव्या भागांतच शिंकायला लागला होता.

भाग संपताना नावं भराभर वर पळतात, ती कुणी वाचत नाही. आज तिघांनी ती थांबवून थांबवून वाचली. आवाज भरले होते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका स्टुडिओत.

"वागळे इस्टेट? कमलेशकाकांचा टेम्पो रोज तिकडेच जातो!" दिपेश ओरडला.

तिघं धडाधड जिने उतरले. तळमजल्यावर राहणारे कमलेशकाका टेम्पोत पुठ्ठ्याची खोकी भरत होते.

"काका, फुटाणा तुमच्याच टेम्पोत झोपायचा ना?" जागृतीने विचारलं. "मग चुकून तुमच्याबरोबर ठाण्याला तर नाही गेला?"

"छे गं! ताडपत्री बांधण्याआधी मी नेहमी आत बघतो. आपलं काम एकदम चोख!" काका म्हणाले. जागृतीने दिपेशला डोळ्याने खूण केली आणि काकांना प्रश्नांत गुंतवलं. खोकी किती जड असतात? वाटेत चहा कुठे घेता? बोलता बोलता काकांनी ताडपत्री ओढली आणि दोरी करकचून आवळली.

"काकाऽऽ! मी आत आहे!" टेम्पोतून दिपेशचा आवाज आला.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी गुपचूप दोरी सोडली आणि म्हणाले, "चला, आयांना विचारून या. मीच नेतो तुम्हाला."

स्टुडिओच्या दारात साईनाथ नावाचे मॅनेजर फोनवर वैतागून बोलत होते. "अहो, चार दिवस झाले, भुंकतच नाही! उद्या सकाळी मुरबाडच्या फार्महाऊसवर पाठवून देतो." मुलांना बघताच त्यांनी फोन खिशात घातला.

"आमचा कुत्रा तुमच्याकडे आहे का?" नयनने थेट विचारलं.

"कुत्रा? इथे कुठला कुत्रा! भोपळ्याचा आवाज आमचा कलाकार काढतो. चला, निघा!"

जागृतीने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. उद्या सकाळी! मग फुटाणा कायमचाच गेला! नयनने हाक मारली असती, पण स्टुडिओच्या जाड काचांतून बाहेरचा आवाज आत जातच नाही. आत आवाज जायची वाट एकच होती आणि ती तिला समोरच दिसली. माईक! त्यात बोललेलं आतल्या खोलीच्या स्पीकरवर ऐकू येत असणार.

"सर, तुमचा कलाकार आजारी दिसतोय," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "हा माझा भाऊ भोपळ्याचा आवाज हुबेहूब काढतो. ऐकून तर बघा!"

अडलेल्या साईनाथांनी जरासा विचार केला आणि नयनला माईकसमोर उभं केलं. आवाज भरणाऱ्या समीक्षाताईने बटण दाबलं. नयनने छाती भरून श्वास घेतला.

"भू! भू! आक्छी!"

आतल्या खोलीच्या स्पीकरमधून शिंक घुमली. टेबलाखालचं तपकिरी गाठोडं हललं, कान उभे राहिले आणि सगळ्या स्टुडिओने ऐकलं, "भू! भू! आक्छी!"

"हा तुमचा कलाकार?" कमलेशकाकांनी विचारलं. साईनाथ छताकडे बघू लागले.

समीक्षाताईने दार उघडलं. फुटाणा सुसाट बाहेर आला आणि नयनला लोळवून त्याचं तोंड चाटू लागला. नयन हसत होता आणि रडतही होता. जागृतीलाही रडू आवरेना. कार्टूनमधली शिंक तिने कशी ओळखली, ते दिपेशने सगळ्यांना सांगितलं.

"नवरात्रात हा आमच्या गेटपाशी भेदरून बसलेला," ताई म्हणाली. "याचा फोटो लावू, कुणाचा आहे शोधू, असं मी किती वेळा म्हटलं! सर ऐकतील तर ना. पण जागृती, आवाज ऐकायचा माझा धंदा आहे आणि तुझ्यासारखे कान मी पाहिले नाहीत!"

साईनाथांनी शेवटी चूक कबूल केली. फुटाण्याचं नाव कार्टूनच्या शेवटी घालायचंही त्यांनी मान्य केलं. संध्याकाळी अख्ख्या सोसायटीने मुलांची पाठ थोपटली. दुधाची वाटी फुटाण्याने एका दमात रिकामी केली आणि मांजर लांबूनच बघत राहिलं.

आता रोज सकाळी श्रमसाफल्यमध्ये एक भलीमोठी शिंक ऐकू येते. नवी माणसं दचकतात, जुनी हसतात. कमलेशकाकांना सर्दी झालेली नसते. ताडपत्री बांधण्याआधी ते टेम्पोत डोकं घालून शिंकतात आणि आतून उत्तर येतंय का, ते कान देऊन ऐकतात.