रखवालदाराच्या जुडग्यातली नववी चावी

आधी शौनकला यातून काय मिळणार होतं ते सांगतो. ते कळलं की तो वेळेवर का थांबला नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोलशेतचं ऑफिस सुटणार होतं.

बारा वर्षं तो तिथे दुसऱ्यांनी भरलेले तक्ते तपासत होता. आणि घरी येऊन जुन्या सिनेमातल्या वस्तू हुबेहूब बनवायचा. कट्यारी, मुखवटे, एकदा तर राजाची अख्खी तिजोरी, थर्माकोलची. बायको नीरजा या वस्तूंना 'खेळणी' म्हणायची. सासरे काहीच म्हणायचे नाहीत, नुसते बघायचे. ते जास्त लागायचं. गेल्या डिसेंबरात ठाण्याला अशा हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. परीक्षक एक नावाजलेले कलादिग्दर्शक. पहिली आलेली वस्तू त्यांच्या गोदामात जाणार आणि बनवणारा त्यांच्या हाताखाली कामाला.

एका रविवारात कोलशेतही सुटणार आणि सासऱ्यांचं ते बघणंही.

शौनक माझा मावसभाऊ. घाबरट आहे, पण खोटारडा नाही. त्याने सांगितलं ते, आणि शेवटी मी स्वतः पाहिलं ते, एवढंच लिहितोय. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, तीन बिऱ्हाडं. बिल्डिंगचं नाव विचारू नका. माणसं राहतात तिथे.

वस्तू होती चाव्यांचा जुडगा.

एक जुना काळा-पांढरा भयपट आहे. त्याचं नाव शौनकच्या घरी आता घेत नाहीत, मीही घेत नाही. त्यात एका लॉजचा रखवालदार असतो. चेहरा कधीच दिसत नाही. दिवेलागणीला तो जुडगा वाजवत जिन्यातून फिरतो. एक खोली उघडतो. पलंगावरची चादर ताणून नीट करतो, पाण्याचा पेला पालथा घालतो.

मग त्या खोलीतला पाहुणा आपली बॅग भरून दाराशी बसतो.

आणि जातो. कुठे, ते दाखवत नाहीत.

जुडग्यात नऊ चाव्या. शौनक त्या रेझिनच्या बनवणार होता, म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार. खरी चावी सिलिकॉनमध्ये दाबून साचा घ्यायचा, त्यात रेझिन ओतायचं. निघालेल्या चावीला काळा रंग, मग गंजाचा, वर कोरड्या ब्रशने जरासा चंदेरी. बघणाऱ्याने लोखंडच म्हणावं.

सहा चाव्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. तीन कमी पडल्या.

त्या तीन घरातच खिळ्याला टांगलेल्या होत्या.

एक स्वतःच्या दाराची. दुसरी समोरच्या धम्मपाल-प्रियांकाची. दोघं नोकरीला, कामवाल्या बाईसाठी चावी इथे. आणि तिसरी शेजारच्या सरोजकाकूंची. एकट्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. "उद्या मी आत पडले तर दार फोडू नका, सुतार मिळत नाहीत हल्ली," असं म्हणून त्यांनी चावी दिलेली.

आपल्याकडे शेजाऱ्याची चावी म्हणजे ठेव. सांभाळायची असते.

शौनकने तिन्ही साच्यात दाबल्या. विचारलं कोणालाच नाही.

आता वस्तू जुनी करायची. या कामात खरं कसब तेच. रंग कुठे उडेल, कडा कुठे झिजतील, हे ठरवायला ती वस्तू वापरणारा माणूस डोक्यात पक्का लागतो. सिनेमात चेहरा नाही म्हटल्यावर शौनकने माणूस स्वतःच रचला. डावखुरा. अंगठा जाड. पान खाणारा, चुन्याचं बोट जुडग्याच्या कड्याला पुसणारा. त्याप्रमाणे कडं डावीकडून घासलं, वर पांढऱ्या रंगाचा एक ठसा.

"याला घरदार आहे का?" चहा देता देता नीरजाने विचारलं.

"नाही. लॉजमध्येच राहतो."

"आणि लॉज बंद पडलं तर?"

"दुसरीकडे नोकरी धरेल. तू पण ना."

बुधवारी जुडगा पुरा झाला. शौनकने हलवून पाहिला. टकटक, टकटक.

"दिसायला लोखंड, वाजायला प्लास्टिकची बादली," नीरजा म्हणाली.

गुरुवारी शौनक घरून काम करत होता. नीरजा अजून कल्याणहून, तिच्या ऑफिसातून यायची होती. सात वाजले, आणि जिन्यात आवाज आला.

खण्... खण्... खण्...

लोखंडाचा.

त्याने मान वळवून टेबलाकडे पाहिलं. जुडगा जागेवरच होता.

फक्त... हलत होता.

अर्ध्या तासाने धम्मपाल दारात. रेल्वेत सिग्नलचं काम करतो, उगाच घाबरणारा नाही.

"शौनक, आमच्याकडे कोण येऊन गेलं काय रे?"

"का?"

"दार उघडं होतं. गेलं काय नाय. पण तू जरा येऊन बघ ना."

घरात सगळं जागच्या जागी होतं. पलंग मात्र... चादर ताणलेली. एक सुरकुती नाही. उशाशी पाण्याचा पेला, पालथा.

"बाई आज आलीच नाय. प्रियांका सकाळी माझ्या आधी गेलेली. आणि चादर मी घालीन? सहा वर्षं झाली लग्नाला," धम्मपाल हसला. एकटाच हसला.

लॅचच्या डाव्या बाजूला पांढरा डाग होता. शौनकने बोट लावलं. रंग नव्हता.

चुना होता.

ओला.

त्या चावीची एक फसलेली प्रत शौनककडे पडून होती. धम्मपालचं दार बंद झाल्यावर त्याने ती हळूच कुलपात घालून फिरवली. टक्कन मोडली. रेझिनने कुलूप उघडत नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग घरी येऊन त्याने जुडगा उजेडात धरला.

धम्मपालच्या चावीच्या टोकाचा रंग उडाला होता. आणि तिथे कुलपातलं काळं तेल लागलं होतं.

शुक्रवारी सरोजकाकू कोथिंबीर वड्या घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी जुडगा पाहिला, आणि एका चावीवर बोट ठेवलं.

"ही माझी."

"नाही हो काकू, ही तर..."

"शौनक, मी छत्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत. हिचा तिसरा दात वाकडा आहे. आमच्या ह्यांनी एकदा हिने श्रीखंडाचा डबा उघडला होता."

शौनक गोरामोरा झाला.

"केलंस ते सुंदर केलंस. पण विचारायचं होतंस. आपल्या घराची चावी परक्याच्या जुडग्यात नसावी. काढ ती, आणि मोडून टाक."

"रविवार होऊ दे काकू. सिनेमात नऊ आहेत, नऊच लागतात. सोमवारी तुमच्यासमोर मोडतो."

शब्द देताना त्याला पक्कं माहीत होतं, जिंकलो तर सोमवारी जुडगा आपल्या ताब्यात नसणार.

काकू उठता उठता थांबल्या.

"काल सातनंतर माझ्या दाराशी कोण होतं रे? मी उघडलं नाही. नुसतं... चाव्या चाळत होतं. यातली कुठली, ते शोधत असल्यासारखं."

तेव्हाच सांगता आलं असतं. चादर, पेला, चुना, सगळं. चावी मोडायला तर साधी पक्कड पुरली असती.

शौनकने तोंडात वडी घातली.

"कुरिअरवाला असेल," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी, आणि परत शनिवारी, पावणेसातपासून तो जुडगा छातीशी घट्ट धरून बसला.

"झोपवतोयस का त्याला?" नीरजाने विचारलं.

सात वाजले. सव्वासात झाले. जिन्यात काही नाही.

शौनकने अर्थ काढला, की जुडगा आपल्या हातात असला तर तो येत नाही. आणि रविवारी जुडगा ठाण्यातच असणार, काकूंपासून लांब. मग चावी मोडायची गरजच काय? सोयीचं असलं की माणसाला लगेच पटतं.

रविवारी ठाण्याच्या हॉलमध्ये जुडगा काचेच्या पेटीत ठेवला. पेटीला कुलूप. कलादिग्दर्शक वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हा माणूस डावखुरा आहे," ते म्हणाले. "पान खातो."

"हो सर."

"बनवलात की भेटलात त्याला?"

सगळे हसले. शौनकही हसला.

निकाल पावणेसातला लागला. शौनक पहिला. टाळ्या झाल्या, भाषणं झाली. फोटोसाठी पेटी उघडून जुडगा त्याच्या हातात दिला. त्याने सवयीने चाव्या मोजल्या.

आठ.

परत मोजल्या.

आठ... वाकड्या दाताची नव्हती.

सात वाजायला दोन मिनिटं होती. त्याने स्टेजवरूनच फोन लावला.

"नीरजा, काकूंकडे जा. आत्ता. खिळ्यावरची चावी घे."

"अरे काय झालं? निकाल लागला का?"

"जा ना गं."

फोन चालूच राहिला. नीरजाच्या चपला ऐकू आल्या. काकूंची बेल, एकदा, दोनदा. "काय झालं वहिनी?" हा धम्मपाल. मग दार उघडल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

"नीरजा?"

"काकू... दाराशी खुर्चीत बसल्यात," ती हळू म्हणाली. "बाहेर जायची साडी नेसून. मांडीवर बॅग आहे."

"बोलतायत ना?"

"शौनक... त्यांचा पलंग..."

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती.

बॅगेत दोन साड्या, चष्म्याचं घर आणि काकांचा फोटो निघाला. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडली असं लिहिलं. चौऱ्याहत्तर वय, एकट्या बाई. कोणाला काही विचित्र वाटलं नाही. पालथा पेला नीरजाने सरळ करून ठेवला, तेवढंच.

सोमवारी शौनक गोदामात जुडगा द्यायला गेला. पिशवीतून बाहेर काढला तर... नऊ.

त्याने हलवून पाहिला. आठ टकटक वाजल्या.

एक खणखणली.

वाकड्या दाताची चावी जड होती. बर्फासारखी गार होती. रेझिन नव्हतंच ते.

"सर, यातल्या दोन चाव्या काढून मोडून टाकतो. एक खराब झालीये, आणि एक माझ्या घराची आहे," शौनक म्हणाला.

"छे," कलादिग्दर्शक म्हणाले. "सिनेमात नऊ आहेत, नऊच लागतात. पुढचं शूटिंग होऊ दे, मग काय ते मोडा."

हेच शब्द तीन दिवसांपूर्वी त्याच्याच तोंडातून निघाले होते.

जुडगा आता गोदामात भिंतीवर टांगलेला असतो, कुलूप लावलेल्या जाळीमागे. शौनक रोज त्याच्यासमोरून जातो आणि मोजतो.

तर कोणाला काय मिळालं? शौनकचं कोलशेत सुटलं. सासरे बोलायला लागले, चारचौघांत 'आमचे जावई' म्हणतात. धम्मपालचं काही गेलं नाही. त्या गुरुवारी घरात कोणी नव्हतं, म्हणून त्याची चावी अजून रेझिनचीच आहे. किंमत मोजली ती काकूंनी. त्यांना तर कोणी विचारलंही नव्हतं.

राहिली स्वतःच्या दाराची चावी. शौनकने घराचं कुलूप दोनदा बदललं. तो म्हणतो, दोन्ही वेळा जुडग्यातल्या त्या चावीचे दातही बदलले. माझा विश्वास बसला नव्हता.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. संध्याकाळचे सात वाजत आले होते. शौनक अजून यायचा होता. नीरजाने दार उघडलं, हसली, आणि आत जाऊन पुन्हा साड्यांच्या घड्या घालायला लागली. समोर बॅग उघडी.

"कुठे निघालीस, नीरजा?"

"कुठे नाही हो भाऊजी. भरून ठेवलेली बरी असते ना."

मी पलंगाकडे पाहिलं नाही. पाण्याचा पेलाही शोधला नाही. जिना उतरताना खालून काहीतरी खणखणत वर येत होतं, त्याच्याकडेही बघितलं नाही. नुसतं भिंतीला चिकटून उभा राहिलो, डोळे मिटून, आवाज वरच्या वळणावर जाईपर्यंत.

साच्यात चावी दाबली होती शौनकने. बॅग नीरजा भरत होती.