एकतीस फेरे

दोघांची पहिली भेट झाली जिन्याखालच्या मीटरपाशी, आणि तीही फ्यूज उडाला म्हणून. ती मेणबत्ती घेऊन आतून आली, तो पेचकस घेऊन माडीवरून उतरला. वाऱ्याने ज्योत सारखी विझायला बघत होती. तो बिचारा ज्योतीभोवती दोन्ही हात धरून उभा राहिला, आणि फ्यूजची तार बसवली तिने. आता असं कोणी करतं का? पण वयच तसं होतं, काय करणार.

तो मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता आणि तिच्या वडिलांचा नवा भाडेकरू होता. घर एक, मीटरही एकच. तो आल्यापासून बिल दुपटीला टेकलं, तशा बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी साफ सांगून टाकलं, की कोणती वस्तू किती वीज खाते ते मोजायचं. माडीचा आकडा खालच्यापेक्षा जास्त निघाला तर पहिल्या तारखेला खोली रिकामी.

मोजायची रीत त्यानेच सांगितली. बाकी सगळं बंद करायचं, एकच वस्तू सहा मिनिटं चालवायची आणि मीटरमधली चकती किती फेरे घेते ते बघायचं. सहाशे फेऱ्यांचं एक युनिट. चकतीवरची काळी खूण बाबांना दिसेना, म्हणून मोजणी तिच्या वाट्याला आली. एका दिवशी एकच वस्तू, कारण मीटर थंड व्हावं लागतं म्हणे. मग तो "लावली" म्हणून हाक द्यायचा, ती स्टुलावर चढून मोजायची, आणि आकडा विचारायला आलेला तो तासभर हलायचा नाही. इस्त्री, पंखा, पाणी तापवायची कांडी... पंधरा दिवस कसे गेले कळलंसुद्धा नाही.

शेवटी राहिली त्याची विजेची शेगडी. त्या दिवशी चकती गरागरा फिरली. हा गेला तर?

"किती?" त्याने खाली येऊन विचारलं.

"एकतीस," ती चकतीकडेच बघत म्हणाली.

त्याने लिहिलं, मग पेन्सिल थांबली. "शेगडीच्या बुडाला हजार वॅट लिहिलंय. सहा मिनिटांत साठ फेरे व्हायला हवेत."

तिची कानशिलं तापली. पण गप्प बसेल तर ती कसली! "आणि मीटर थंड व्हावं लागतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

तो हसला... आणि एकतीस खोडून त्याने साठ लिहिले. तिचे डोळेच भरून आले.

"खोटा आकडा देऊन राहिलो," तो हळूच म्हणाला, "तर बाबांकडे तुम्हाला मागू कुठल्या तोंडाने?"

माडीचा आकडा जास्तच निघाला. बाबांनी कागद दोनदा वाचला, खोडलेला एकतीसही वाचला, मग लेकीकडे बघितलं. शेगडी जाईल, माणूस राहू दे, असं म्हणून त्यांनी त्याला चहाला खालीच यायला सांगितलं. वर्षभरात लग्न झालं.

परवा ते मीटर काढलं. नव्याला चकती नाही, नुसता एक लाल दिवा लुकलुकतो. केस पिकलेली ती जुन्या सवयीने त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गुडघ्यांमुळे त्याला हल्ली जिना उतरवत नाही, म्हणून त्याने वरूनच हाक दिली.

"लावली! किती गं?"

मोजायला काहीच नव्हतं.

"एकतीस," ती म्हणाली.